आयकॉन ऑफ द सीज: तीन पिढ्यांची क्रूझ, ठाण्याहून मायामीपर्यंत

येऊर_पायथा (ठाणे)

क्रूझबद्दल इथे अधूनमधून विचारणा होते, पण उत्तरं बहुतेक जोडप्यांची किंवा मित्रमंडळींच्या गटाची असतात. सासू-सासरे, नववीतला मुलगा आणि पाच वर्षांची भाची यांना घेऊन नव्या, अवाढव्य जहाजावर सुट्टी कशी होते ते सविस्तर लिहावं म्हणून हा धागा काढते आहे.

आम्ही घोडबंदर रोडला राहतो, नणंद न्यू जर्सीला. सासऱ्यांची पंचाहत्तरी सगळ्यांनी एकत्र करायची होती. नणंदेची अट एकच: त्या आठवड्यात घरातल्या कुठल्याही बाईने ओट्यापाशी उभं राहायचं नाही. त्यातून क्रूझ ठरली.

जहाज रॉयल कॅरिबियन कंपनीचं आयकॉन ऑफ द सीज. फिनलंडमधल्या तुर्कू इथे मेयर गोदीत बांधलेलं, २७ जानेवारी २०२४ ला मायामीहून पहिल्या प्रवासाला निघालेलं. लांबी ३६५ मीटर, २० डेक. केबिनमागे दोन माणसं धरली तर ५,६१० प्रवासी, सगळ्या खाटा भरल्या तर ७,६००, शिवाय २,३५० कर्मचारी. हे आकडे मी घरी वाचून दाखवले तेव्हा सासूबाईंचा पहिला प्रश्न होता, "एवढ्या माणसांत आपण एकमेकांना सापडणार कसे?"

प्रश्न अगदी बरोबर होता. जत्रेत चुकामूक झाली तर देवळाच्या पायरीशी भेटायचं ठरवतात, तसं आम्ही पहिल्याच दुपारी पर्ल ही जागा ठरवून टाकली. पाचव्या डेकवरच्या रॉयल प्रोमेनाडवर हा प्रचंड पोकळ गोल आहे, त्यातून जिना वर जातो. कोणालाही विचारलं तरी सांगतात. फोन चालो न चालो, साडेसहाला पर्लपाशी यायचं आणि तिथून एकत्र जेवायला जायचं. हा नियम मुलानेही पाळला.

जहाजाचे आठ विभाग केले आहेत आणि प्रत्येकाचा स्वभाव वेगळा आहे. लहान मुलं असतील तर तुमचा निम्मा दिवस सर्फसाइडला जाणार. तिथे बाळांसाठी उथळ पाणी, थोड्या मोठ्यांसाठी फवारे, मेरी-गो-राउंड आणि शेजारीच मुलांच्या जेवणाचा बुफे. आईबाप ज्या तळ्यात बसतात तिथून मुलं नजरेसमोर राहतात. नणंदेला मुलीच्या जन्मानंतर पहिल्यांदा निवांत पुस्तक वाचताना मी पाहिलं. थ्रिल आयलंडवर सहा घसरगुंड्यांचा वॉटरपार्क आहे, त्याला वेगळे पैसे नाहीत. मुलगा सकाळी तिकडे गेला की जेवायच्या वेळेपर्यंत दिसत नसे.

मला लिहायचं आहे ते मुख्यतः ज्येष्ठांबद्दल. आमच्या आजवरच्या सहलींत सासू-सासऱ्यांचा दिवस कायम आमच्या तालावर चालला. सहाला उठा, बस सुटेल, चढ आहे पण थोडाच आहे, इथे दहाच मिनिटं. ते कधी काही बोलले नाहीत, पण तिसऱ्या दिवशी चेहऱ्यावर थकवा दिसायचाच. या सहलीत पहिल्यांदा दिवस त्यांचा स्वतःचा होता. सासऱ्यांना पहाटे पाचला जाग येते. ते उठून कॉफी घेत आणि अ‍ॅक्वाडोममध्ये जाऊन बसत. हा जहाजाच्या नाकावरचा काचेचा घुमट. संध्याकाळी तिथे पाण्यातल्या कसरतींचे खेळ होतात, पण सकाळी तो रिकामा असतो आणि समोर, डावीकडे, उजवीकडे फक्त समुद्र. सासूबाई सेंट्रल पार्कात. आठव्या डेकवर, वर उघडं आकाश आणि खरी झाडं, वीस हजारांहून जास्त. त्या पानं बोटांत धरून बघायच्या. दुपारी दोघांना वाटलं तर केबिनमध्ये येऊन झोपायचे. कोणाची बस चुकत नव्हती, कोणी ताटकळत नव्हतं. संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर सगळे आपापला दिवस सांगायचे. सासरे इतकं बोलताना मी वीस वर्षांत पाहिले नव्हते.

माझ्या मते अशा जहाजाचं खरं मोल हेच आहे. घसरगुंड्या, बर्फावरचे खेळ, रोषणाई हे सगळं आहे आणि उत्तम आहे, पण गुडघे दुखणारं माणूस आणि पंधरा वर्षांचा मुलगा एकाच सुट्टीत दोघेही पूर्ण खूश, हे मला दुसऱ्या कुठल्याही सहलीत जमलेलं दिसलं नाही.

आता दुसरी बाजूही लिहिते. हे जहाज आतल्या बाजूला तोंड करून बांधलेलं आहे. तळी, दुकानं, बाग, सगळं मध्यभागी. मनात आणलं तर माणूस अख्खा दिवस समुद्र न बघता काढू शकतो. ज्यांना क्रूझ म्हणजे दर्या, वारा, क्षितिज असं डोळ्यांपुढे येतं, त्यांनी समुद्र मुद्दाम शोधायला हवा. केबिन निवडताना नीट वाचा: 'बाल्कनी' लिहिलेल्या सगळ्या केबिन समुद्राकडे नसतात. काही सेंट्रल पार्कवर उघडतात, काही सर्फसाइडवर. त्या स्वस्त पडतात, पण सकाळी दार उघडल्यावर समोर दुसऱ्याची बाल्कनी. आम्ही सासू-सासऱ्यांसाठी समुद्राकडची घेतली. तिथेच पैसे घालावेत असं मी म्हणेन.

बंदरांबद्दल आणि कोकोके बेटाबद्दल नंतर लिहिते. कोणाला काही विचारायचं असेल तर जरूर विचारा.

---

सुगरण_सानपाडा (नवी मुंबई)

किती छान लिहिलंत ताई. ज्येष्ठांच्या दिवसाबद्दल वाचून माझ्या आईची आठवण झाली. माझे दोन प्रश्न. एक, शाकाहारी जेवणाचं काय? माझे सासरे कांदा-लसूण खात नाहीत आणि शनिवार-चतुर्थी पाळतात. दोन, मेक्सिको वगैरेचे वेगळे व्हिसा काढावे लागले का?

---

येऊर_पायथा (ठाणे)

जेवण: विंडजॅमर या बुफेत रोज एखादी डाळ किंवा भाजी आणि भात मिळत होता. मात्र खरं सुख संध्याकाळच्या मुख्य भोजनगृहात. तिथे तुमचं टेबल आणि वेटर ठरलेले ठेवता येतात. पहिल्या रात्रीच हेड वेटरला सांगायचं की आम्हाला भारतीय शाकाहारी हवं, अमुक चालत नाही. मग ते दुसऱ्या दिवसापासून वेगळं करून आणतात. जैन जेवणाची विनंती बुकिंग करतानाच नोंदवून ठेवावी आणि जहाजावर पुन्हा आठवण करावी. आमचा वेटर मडगावचा निघाला. सासूबाई मूळच्या वेंगुर्ल्याच्या. मालवणी आणि कोंकणीत दोघांची जी काही मैत्री जमली! तिसऱ्या दिवशी त्याने स्वतःहून विचारलं, "आजी, आज ताक आणू?"

उपासाला फळं, दही, उकडलेले बटाटे, सुकामेवा आरामात मिळतं. साबुदाणा अर्थातच नाही. घरून कोरडा, पॅकबंद खाऊ न्यावा: राजगिऱ्याच्या वड्या, शेंगदाण्याचे लाडू. पण इलेक्ट्रिक केटल, इस्त्री, इंडक्शन असलं तापणारं काहीही नेता येत नाही, सामान तपासताना काढून ठेवतात. एक्स्टेन्शन बोर्डही चालत नाही. फळं किंवा शिजवलेलं अन्न घेऊन बंदरावर उतरू नका.

व्हिसा: आमचे सगळ्यांचे अमेरिकेचे बी१/बी२ व्हिसा होते, मल्टिपल एंट्रीचे. ते लागतातच, कारण जहाज दुसऱ्या देशांत जाऊन परत अमेरिकेत येतं. वैध अमेरिकन व्हिसा असलेल्या भारतीयांना मेक्सिकोत वेगळा व्हिसा लागत नाही. बाकी बंदरांचे नियम बुकिंगच्या वेळी कंपनीकडून लेखी घ्या, ते बदलत असतात. पासपोर्टची मुदत प्रवास संपल्यावर निदान सहा महिने उरलेली असावी.

---

चीफ_नेरुळ (नवी मुंबई)

माझं आयुष्य मालवाहू जहाजांच्या इंजिन रूममध्ये गेलं, आता करावे-नेरुळला निवांत आहे. इथल्या चाणक्य या जहाजावरच्या नोकरीचं शिक्षण देणाऱ्या संस्थेतल्या पोरांना अधूनमधून भेटतो, त्यांचाही पहिला प्रश्न हाच असतो की एवढं उंच जहाज कलंडत कसं नाही. तेव्हा थोडं लिहितो.

आयकॉनचं ग्रॉस टनेज २,४८,६६३ आहे. बातम्यांत त्याला 'अडीच लाख टन वजन' म्हणतात, ते बरोबर नाही. ग्रॉस टनेज म्हणजे जहाजाच्या आतल्या बंदिस्त जागेचं माप, वजन नव्हे. टायटॅनिकचं ४६,३२८ होतं आणि लांबी २६९ मीटर. मोजणीची पद्धत तेव्हा थोडी वेगळी होती, पण अंदाज यायला हरकत नाही: आतली जागा पाचपटीहून जास्त, लांबी मात्र दीडपटही नाही. म्हणजे वाढ झाली ती रुंदीत आणि उंचीत.

कलंडत नाही, कारण जड ते सगळं तळाशी: इंजिनं, इंधनाच्या टाक्या, पाणी, तोल साधायला भरलेलं बॅलास्ट. वरचे मजले बघायला डोंगराएवढे, पण आत बहुतांश हवा आणि हलकं साहित्य. त्यात जहाज रुंद आहे. पाण्याखाली ते फक्त नऊ मीटरच्या आसपास असतं हे ऐकून लोक घाबरतात, पण खोलीपेक्षा रुंदी आणि वजनाची मांडणी जास्त महत्त्वाची.

डोलण्याबद्दल. दोन्ही बाजूंना पाण्याखाली पंख असतात, स्टॅबिलायझर. समुद्र खवळला की ते बाहेर काढतात. डावीकडे-उजवीकडे होणारं डोलणं त्यांनी बरंच कमी होतं. नाक वर-खाली होतं ते मात्र त्यांनी थांबत नाही. आणि जहाजाला वेग असेल तरच ते काम करतात. म्हणून ज्यांना बोट लागते त्यांनी केबिन मधोमध आणि शक्यतो खालच्या डेकवर घ्यावी. नाकाशी किंवा अगदी वर घेऊ नये, मग तिथून कितीही छान दिसो.

याला सुकाणूही नाही. मागे तीन अ‍ॅझिपॉड आहेत: विजेची मोटर आणि पंखा एकत्र बसवलेला गोळा, तो पूर्ण गोल फिरतो. ज्या दिशेला फिरवाल त्या दिशेला जहाज ढकललं जातं. अरुंद बंदरात एवढं मोठं जहाज ते लावू शकतात त्याचं कारण हे.

एक विनंती सगळ्यांना. मस्टर ड्रिल, म्हणजे संकटाच्या वेळी कुठे जमायचं याची तालीम, टाळू नका. पूर्वी सगळ्यांना डेकवर रांगेत उभं करायचे. आता बहुतेक ठिकाणी फोनवर किंवा टीव्हीवर माहिती बघायची आणि आपल्या ठरलेल्या जागी जाऊन हजेरी लावायची, एवढंच असतं. २०१२ साली इटलीजवळ कोस्टा कॉन्कॉर्डिया बुडालं तेव्हा बऱ्याच प्रवाशांची ड्रिल झालेलीच नव्हती. त्यानंतर नियम बदलले आणि २०१५ पासून जहाज सुटण्याआधी किंवा सुटताक्षणी ती घेणं बंधनकारक झालं. आजी-आजोबांना, मुलांना ती जागा प्रत्यक्ष चालत दाखवा. लिफ्ट तेव्हा वापरायची नसते, तेव्हा कुठला जिना, तेही बघून ठेवा.

---

खाडीकाठ (ठाणे)

ताईंचा अनुभव मनापासून आवडला, त्यांच्या सासऱ्यांना शुभेच्छा. पण इथे कोणीतरी हे बोलायला हवं म्हणून लिहितो. मी कोपरीला राहतो, खाडीवर पक्षी बघत मोठा झालो. आपल्या खाडीचा पट्टा २०१५ मध्ये फ्लेमिंगो अभयारण्य झाला, २०२२ मध्ये रामसर यादीत, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत गेला, त्यासाठी किती लोकांनी किती वर्षं घातली हे मला माहीत आहे. सात-आठ हजार माणसांचं तरंगतं गाव समुद्रात फिरवायचं, त्यासाठी अखंड इंजिनं चालू ठेवायची, याचा भार कोणावर पडतो? जहाज एलएनजीवर चालतं म्हणून ते हिरवं, अशी जाहिरात मी वाचली. हे खरं मानायचं का? चीफ काका, तुम्ही सांगा.

---

चीफ_नेरुळ (नवी मुंबई)

प्रश्न योग्य आहे आणि उत्तर सरळ नाही.

एलएनजी म्हणजे नैसर्गिक वायू, उणे १६२ अंशांच्या आसपास थंड करून द्रव केलेला. आयकॉनवर वार्टसिला कंपनीची सहा इंजिनं आहेत, ती वायूवरही चालतात आणि डिझेलवरही. वायूवर चालताना गंधकाचा धूर जवळजवळ शून्य, काजळी फार कमी, नायट्रोजनचे ऑक्साइडही बरेच कमी. मी ज्या काळ्या, घट्ट फर्नेस ऑइलवर जहाजं चालवली त्याच्या तुलनेत बंदराकाठी राहणाऱ्या माणसाच्या फुप्फुसांसाठी हे फार चांगलं आहे. कार्बन डायऑक्साइडही कमी निघतो.

पण वायूतला थोडा मिथेन इंजिनात न जळता धुराड्यातून तसाच बाहेर पडतो. त्याला मिथेन स्लिप म्हणतात. वीस वर्षांचा काळ धरला तर मिथेन कार्बन डायऑक्साइडच्या ८० पटींहून जास्त उष्णता धरून ठेवतो. कमी दाबाच्या चार-स्ट्रोक इंजिनांत, म्हणजे क्रूझ जहाजांवर असतात तसल्या, ही गळती जास्त असते. त्यामुळे हवामानाच्या हिशोबात एलएनजीचा फायदा बराचसा खाल्ला जातो, कधी उलटाही पडतो. 'स्वच्छ हवा' म्हणा, मी सही करीन. 'हिरवं' म्हणायला मी तयार नाही.

पाण्याचं सांगतो. जहाजावर वापरलं जाणारं जवळजवळ सगळं गोडं पाणी समुद्राच्या पाण्यापासून तिथेच बनवतात, मैलापाणी शुद्ध करण्याची यंत्रणाही असते. आणि बंदरात उभं असताना किनाऱ्यावरून वीज घेता येते, जर त्या बंदराने ती सोय केली असेल तर. आपण नागरिकांनी जोर लावायचा असेल तर तो इथे लावावा. बंदरात उभ्या जहाजाने इंजिन बंद ठेवून किनाऱ्याची वीज घ्यायला हवी.

---

खाडीकाठ (ठाणे)

धन्यवाद काका. 'सही करीन' आणि 'तयार नाही' यांतला फरक इतका स्पष्ट कोणी सांगितला नव्हता. मी स्वतः जाणार नाही, माझं मत तेच आहे. पण किनाऱ्यावरच्या विजेचा मुद्दा आमच्या गटात नक्की मांडतो.

---

मिऱ्या_बंदर (वाशी)

मी ७१ वर्षांचा आहे, मूळ रत्नागिरीचा. धागा वाचताना राहवलं नाही.

आमच्या लहानपणी मुंबईहून गावी जायचं म्हणजे बोट. भाऊच्या धक्क्यावर पहाटेपासून गर्दी, डेकवर पथारी टाकायची, ट्रंकेला टेकून बसायचं. बोट बंदरापासून लांब उभी राहायची आणि पडाव येऊन माणसं, गाठोडी, कोंबड्या सगळं उतरवून न्यायचा. आईला बोट लागायची. ती सगळा प्रवास डोळे मिटून, लिंबू हुंगत काढायची. एसटीचे रस्ते सुधारले तसा बोटीचा प्रवास मागे पडला, पुढे कोकण सेवाही बंद झाली.

आणि बोट म्हटलं की घरात भीतीही होती. १७ जुलै १९४७ ला रेवसला निघालेली रामदास बोट काशाच्या खडकाजवळ बुडाली, सहाशेहून जास्त माणसं गेली. माझ्या जन्माआधीची गोष्ट, पण वडील पावसाळ्यात बोटीचं नावही काढू देत नसत. दर आषाढात ती गोष्ट घरात निघायची.

म्हणून चीफ साहेबांनी ड्रिलबद्दल लिहिलं ते मला फार पटलं. आणि येऊर ताई, तुमच्या सासूबाई वेंगुर्ल्याच्या, म्हणजे त्यांनीही बोट पाहिली असणार. त्यांना पुन्हा पाण्यावर कसं वाटलं, ते जरूर लिहा.

---

येऊर_पायथा (ठाणे)

काका, तुमचा प्रश्न मी सासूबाईंना वाचून दाखवला. त्या बराच वेळ बोलत होत्या. त्यांनाही लहानपणी बोट लागायची आणि या सहलीची त्यांना मनातून तीच धास्ती होती. आम्ही डॉक्टरांना विचारून अ‍ॅव्होमिन नेली होती, केबिन मधोमध घेतली होती. तसं फारसं काही जाणवलं नाही, एका रात्री जरा हललं तेवढंच. त्या म्हणाल्या, "तेव्हा समुद्र ओलांडायचा असायचा. आता समुद्रात राहायला गेलो." त्यांना सगळ्यात आवडलं ते दुसरंच, आणि त्यासाठी बंदरांबद्दल लिहायला हवं.

आमचा मार्ग पश्चिम कॅरिबियनचा होता: होंडुरासचं रोआतान, मेक्सिकोतलं कोस्टा माया आणि कोझुमेल, मग बहामातलं कोकोके. ज्येष्ठांसाठी मोठी सोय म्हणजे चारही ठिकाणी जहाज थेट धक्क्याला लागतं, छोट्या होडीत उतरावं लागत नाही. (काका, पडाव नाही!)

कोझुमेल बेटावर सान हेर्वासियो नावाचे माया लोकांचे अवशेष आहेत. इश्चेल या देवीचं स्थान. ती बाळंतपणाची आणि चंद्राची देवी, आणि मुख्य भूमीवरून बायका होडक्यांतून समुद्र ओलांडून तिच्या दर्शनाला यायच्या, मूल व्हावं, सुखरूप सुटका व्हावी म्हणून. मोठी मंदिरं नाहीत, झाडीतून जाणाऱ्या दगडी वाटा आणि छोटी बांधकामं. ऊन कडक, डास आहेत, ओडोमॉस न्या. सासूबाई तिथल्या चौथऱ्यापाशी थांबल्या आणि चपला काढून नमस्कार केला. मार्गदर्शक बाईने विचारलं का, तर त्यांनी मला सांगायला सांगितलं: "बायका एवढ्या लांबून आल्या ना, मग देवी जागृत आहे." ती बाई गहिवरली. जहाजावरच्या कुठल्याही कार्यक्रमापेक्षा मला ही सकाळ मोठी वाटते. म्हणून सांगते, बंदरात उतरून निदान एक जागा अशी बघा जी त्या देशाची आहे. नुसत्या बंदराजवळच्या दुकानांत वेळ घालवू नका.

कोकोके हे कंपनीने फक्त आपल्या प्रवाशांसाठी राखलेलं बेट. मुलांसाठी स्वर्ग. पाणी इतकं स्वच्छ की गळ्याएवढ्या पाण्यात पायाची नखं दिसतात. जेवण बहुतेक सगळं भाड्यात धरलेलं, धक्क्यापासून फुकट ट्राम. वॉटरपार्कला वेगळे पैसे आणि ते बरेच आहेत. जहाजावरच्या घसरगुंड्या फुकट असताना तिथे खर्च करावा असं मला वाटलं नाही. किनाराच पुरेसा आहे.

---

पामबीच_परेश (नवी मुंबई)

ताई, खर्चाबद्दल कोणीच विचारत नाहीये म्हणून विचारतो. जाहिरातीतलं भाडं आणि शेवटचं बिल यांत किती अंतर पडतं? नक्की कशाकशाचे पैसे लागतात?

---

येऊर_पायथा (ठाणे)

एकूण आकडा सांगून उपयोग नाही, भाडं रोज बदलतं आणि शाळेच्या सुट्ट्यांत चढतं. पण वरचे खर्च सांगते.

टिप ही सगळ्यात मोठी गोष्ट. आम्ही गेलो तेव्हा साध्या केबिनला माणशी रोज १८.५० डॉलर, म्हणजे सात रात्रींच्या फेरीला माणशी सुमारे १३० डॉलर. मुलांनाही तेवढीच. ती आपोआप बिलात येते, आधी भरता येते. आधीच भरून टाका, मनावर ओझं राहत नाही. सफाई करणारे, वाढणारे लोक घरापासून महिनोन्महिने दूर राहून राबतात, तेव्हा ती देताना मला कधी जड वाटलं नाही.

वाय-फाय वेगळं, आणि स्वस्त नाही. आम्ही दोन फोनांनाच घेतलं. जहाजाचं अ‍ॅप मात्र वाय-फायचे पैसे न भरताही चालतं, वेळापत्रक त्यावरच बघायचं. पाणी, साधा चहा-कॉफी, बुफे, मुख्य भोजनगृह भाड्यात. शीतपेयं, मद्य, स्पेशल रेस्टॉरंट वेगळं. शो फुकट, पण आधी नोंदवून ठेवा. तीन ते बारा वर्षांच्या मुलांचा क्लब फुकट. डायपरमधल्या बाळांना मुख्य तळ्यांत नेता येत नाही, त्यांच्यासाठी सर्फसाइडला वेगळी जागा आहे. बाळ निदान सहा महिन्यांचं हवं, आणि गरोदर बाईला प्रवासात कधीही २४ वा आठवडा लागत असेल तर चढू देत नाहीत. हे बुकिंग करण्याआधी बघा.

विमा अमेरिकेत लागू होणारा घ्या, आणि त्यात क्रूझ, जुने आजार आणि जहाजावरून हलवण्याचा खर्च धरला आहे ना हे पॉलिसीत वाचा. जहाजावर दवाखाना आहे पण तो खाजगी दवाखान्यासारखं बिल लावतो. भारतातल्या एजंटाकडून पॅकेज घेतलं तर टीसीएस, म्हणजे बिलासोबतच घेतला जाणारा कर, लागतो, तो रिटर्न भरताना हिशोबात धरता येतो, पावती जपून ठेवा.

आणि विमान जहाजाच्या आदल्या दिवशीचं ठेवा. त्याच दिवशीचं नको. जहाज कोणासाठी थांबत नाही. जून ते नोव्हेंबर तिकडे वादळांचे महिने असतात, तेव्हा भाडं उतरतं पण मार्ग बदलू शकतो.

---

उलवे_नोड (नवी मुंबई)

ज्यांना अमेरिका शक्य नाही त्यांच्यासाठी. मुंबईतून कॉर्डेलियाचं एम्प्रेस जातं, गोवा आणि लक्षद्वीपकडे. १९९० चं जहाज आहे, साधारण ४८,५०० ग्रॉस टन, म्हणजे आयकॉनच्या पाचव्या हिश्शाएवढं. पण आई-वडिलांना पहिल्यांदा नेऊन बघायला, बोट लागते का, एवढ्या बंद जागेत करमतं का हे कळायला, दोन-तीन रात्रींची फेरी मला योग्य वाटते. व्हिसा नको, जेवण आपल्या तोंडाचं. पावसाळ्यात पश्चिम किनाऱ्यावर फेऱ्या नसतात. लक्षद्वीपला मात्र छोट्या होडीतून उतरावं लागतं, गुडघ्यांचा त्रास असेल तर आधी विचार करा.

सप्टेंबर २०२५ मध्ये बॅलार्ड पिअरला नव्या आंतरराष्ट्रीय क्रूझ टर्मिनलचं उद्घाटन झालं आहे. आम्हा उलवे-पनवेलकरांना अटल सेतूवरून शिवडी आणि पुढे फ्रीवे, सोपं पडतं. ठाणेकरांनी सामान कमी असेल तर लोकलने सीएसएमटी गाठावी, तिथून टॅक्सीने अगदी जवळ.

आणि मधला पर्याय सिंगापूर. तिथून मोठी जहाजं सुटतात, भारतीय प्रवासी भरपूर असल्याने शाकाहारी आणि जैन जेवणाची सवय त्यांना आहे. सिंगापूरला परत उतरायचं असतं, तेव्हा व्हिसा मल्टिपल एंट्रीचा आहे ना एवढं बघा.

---

सुगरण_सानपाडा (नवी मुंबई)

सगळ्यांचे आभार. वाचून घरी चर्चा सुरू झाली आहे. शेवटचा प्रश्न, तोच महत्त्वाचा. सासऱ्यांना इन्सुलिन आहे आणि लांब चालवत नाही. जहाज एवढं मोठं, तर व्हीलचेअर मिळते का? इन्सुलिन कुठे ठेवायचं?

---

येऊर_पायथा (ठाणे)

चढताना आणि शेवटी उतरताना व्हीलचेअर आणि ढकलायला माणूस मिळतो, त्याचे पैसे नाहीत. पण मधल्या दिवसांत वापरायला ती मिळत नाही, स्वतःची न्यावी किंवा भाड्याने केबिनमध्ये मागवून ठेवावी. तुमच्या सासऱ्यांसाठी हे नक्की करा, कारण केबिनपासून भोजनगृहापर्यंतच चांगलं चालणं होतं. केबिन लिफ्टजवळची मागा. व्हीलचेअर आत न्यायची असेल तर रुंद दाराची अपंगस्नेही केबिन लागते, त्या थोड्याच असतात आणि लवकर संपतात.

इन्सुलिनसाठी केबिनमध्ये छोटा फ्रिज असतो. तो फार गार करत नाही, तेव्हा पोचल्यावर थर्मामीटरने बघून घ्या. वापरलेल्या सुयांसाठी वेगळा डबा मागितला की देतात. चढतानाची मोठी बॅग केबिनमध्ये यायला संध्याकाळ होऊ शकते, म्हणून सगळी औषधं, प्रिस्क्रिप्शन आणि त्या दिवसाचं खाणं हातातल्या पिशवीत. आणि बुकिंगच्या वेळीच कंपनीचा विशेष गरजांचा फॉर्म भरून पाठवा, जेवणाच्या वेळांसकट. लवकरची पंगत मागितलीत तर इन्सुलिनची वेळ सांभाळता येईल.